चुकलं म्हणायला बंदी

आम्हाला घराबाहेर काढायचा अधिकार आपल्याला नाही, हे आमच्या घरमालकांनी आम्ही बैलबंडीतून ट्रंक उतरवायच्या आधीच पढवून ठेवलं. दुर्गहून बोरसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांचं मांजर, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहणार होतो. मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि हा म्हातारा अंगात काळा कोट घालून दारात उभा.

"बाई, नीट ऐक," ते मला म्हणाले. "मी उद्या तुझ्यावर ओरडलो, निघा म्हणालो, तरी तू निघायचं नाही. मला तसं काढता येत नाही. कायदा तुझ्या बाजूनं आहे. काय समजलीस?"

मी पदर सावरून म्हटलं, "हो जी."

"हो जी नाही. काय समजलीस ते सांग."

मी आमच्या यांच्याकडे पाहिलं. यांनी बैलाकडे पाहिलं. आम्ही भंडाऱ्याकडची धानाच्या बांधावरची माणसं. घरमालक बोलला की मान डोलवायची एवढंच आम्हाला ठाऊक होतं, आणि इथे घरमालकच स्वतःविरुद्ध आमची शिकवणी घेत होता. हा माणूस अर्धवट असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ते मत पुढे मी बदललं, पण पुरतं नाही.

ते दुर्गच्या कोर्टात वकिली करायचे. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. सगळं गाव त्यांना वकीलसाहेब म्हणायचं, आणि पाठीमागे 'कलमवाले'. कारण जगात काहीही घडलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोणत्या कलमाखाली?" पोस्टमन म्हणाला, आज टपाल उशिरा आलं, की कोणत्या कलमाखाली? शेजारणीने पोराला धपाटा घातला, की भिंतीपलीकडून आवाज येई, कोणत्या कलमाखाली? त्यांचं मांजर माझं दूध पिऊन गेलं तेव्हा मात्र कलम माझ्यावरच उलटलं. "तू पाहिलंस पिताना? नाही ना? मिशीला दूध लागलंय म्हणतेस, पण ते तुझंच दूध कशावरून?" मांजर निर्दोष सुटलं. संध्याकाळी त्यांच्याकडून एक तांब्याभर दूध आलं, पण ते भरपाई म्हणून नव्हे, शेजारधर्म म्हणून, असा निरोपही सोबत आला.

त्यांच्याकडे एक सायकल होती. तिला दिवा नव्हता. अंधार पडल्यावर बिनदिव्याच्या सायकलवर बसणं गुन्हा, म्हणून दिवेलागणीला वकीलसाहेब कुठे असतील तिथे खाली उतरत आणि उरलेला रस्ता सायकल हाताने ढकलत येत. एकदा सुपेल्याच्या चौकात शिपायाने हटकलं, "बत्ती कहाँ है?" वकीलसाहेब म्हणाले, "सवारी कहाँ है?" शिपाई विचारात पडला, तोवर ते पुढे निघून आले. दिवा का नाही बसवत, असं यांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मग चालणं होणार नाही."

भाजीवालीची तर ते उलटतपासणीच घेत.

"ही भेंडी केव्हा तोडली?"

"आज बिहनिया टोरे हंव, वकीलसाहेब."

"तू स्वतः तोडलीस की कुणी सांगितलं?"

ती बिचारी छत्तीसगढी बाई आधी घाबरायची. पुढे तीही तयार झाली. टोपली उतरवतानाच सांगायची, मीच तोडली, माझ्या नणंदेने पाहिलं, आणि नणंद घरी आहे, बोलावू का? त्या दिवशी वकीलसाहेब इतके खूश झाले की सगळी टोपली घेऊन बसले, आणि आम्हाला आठवडाभर भेंडी खावी लागली.

आता जो गोंधळ सांगते तो माझा आणि त्यांचा. मी अंगणात चादरी धूत होते आणि माझ्या हातून साबणाचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कोटावर गेलं. कोर्टाला निघायची वेळ झालेली. ते कडाडले, "निघा माझ्या घरातून! आजच्या आज निघा!" आणि ओला कोट घालून तरातरा गेले. मी रडत रडत भांडीकुंडी बांधली. संध्याकाळी ते परतले तर मी दारात गाठोड्यावर बसलेली.

"हे काय?"

"तुमीच म्हणाले ना जी, निघा म्हणून."

"म्हणून निघालीस?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, भांड की! म्हातारा चुकला, वाटेल ते बोलला, आणि तू गाठोडं बांधतेस? पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

मग त्यांनी मला उंबऱ्यात उभं करून भांडायला लावलं. ते अंगणातून 'निघा' म्हणत, आणि मी उंबऱ्यातून 'कोणत्या कलमाखाली' म्हणायचं. माझा आवाज फुटेना. "मोठ्यानं! तिकडे स्टेशनावर ऐकू गेलं पाहिजे!" आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी मी डोळे मिटून अशी ओरडले की मांजर छपरावर चढलं. वकीलसाहेब तृप्त होऊन आत गेले. मला तो माणूस त्या दिवसापासून आवडू लागला, हे आता सांगायला हरकत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा म्हणतं. वकीलसाहेबांना या म्हणीचा भारी राग. "ही म्हण काढणारा सावकाराचा मुनीम असला पाहिजे," ते म्हणत. "शहाणे सगळे घरी बसले की पायऱ्या कुणासाठी मोकळ्या राहतात, ते बघा." पण बोलतात तेवढे ते काही जिंकत नसत. बोलणं लांबवत, न्यायाधीश कंटाळत, कधी तारीखच विसरत. हरलेल्या दिवशी घरी आले की करपलेल्या वरणाचा वास यायचा आणि आम्ही त्या बाजूला फिरकत नसू.

तो काळच वेगळा होता. भिलाईत कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे लाल मुरमाची धूळ, खड्डे, लोखंडाचे सांगाडे. रशियन बायका झगे घालून सुपेल्याच्या बाजारात वांगी हातात घेऊन पाहत उभ्या असायच्या. मद्रासी, पंजाबी, बंगाली, तेलुगू, आणि आमच्यासारखे भंडारा-गोंदियाकडून गाडीत बसून आलेले. हे एका ठेकेदाराकडे खलाशी होते. क्रेनने ओझं उचलताना खाली उभं राहून क्रेनवाल्याला हाताने वर-खालीचा इशारा करायचा, हे यांचं काम. यांच्याच टोळीत देवराव होता. शेजारच्या गावचा, यांच्याबरोबर एकाच गाडीने आलेला. तो आपल्या मायसोबत कॅम्प-१ या मजूरवस्तीतल्या झोपडीत राहायचा. माझ्या सासूबाईंनी 'सून झोपडीत राहणार नाही' असं ठणकावलं होतं, म्हणून आम्ही दुर्गला. नाहीतर आमची झोपडी त्यांच्या शेजारीच असती. दुपारी दोघे एकाच डब्यात जेवायचे. डबा माझा, तिखटाचा ठेचा देवरावच्या मायचा.

एका दुपारी गर्डर वर जात असताना लोखंडी दोर तुटला. गर्डर खाली आला आणि देवरावचा पाय त्याच्याखाली गेला. गुडघ्यापासून कापावा लागला.

दोर गंजून सडलेला होता. संध्याकाळच्या आत ठेकेदाराने तो तिथून नाहीसा केला. हे दवाखान्यात धावत गेले, मीही पोचले. देवरावची माय व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. हे तिच्या पायावर पडले आणि म्हणाले, "माय, चुकलं माह्यं." ठेकेदाराचा मुंशी तिथेच उभा होता. त्याने ते ऐकलं.

दोन दिवसांनी पोलीस आले आणि यांना घेऊन गेले. ओझं नीट बांधायच्या आधीच यांनी वर उचलायचा इशारा केला, यांच्या हयगयीने माणूस जन्माचा पांगळा झाला, असा आरोप. पुरावा? यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आणि मुंशी साक्षीला तयार.

मी वकीलसाहेबांच्या दारात जाऊन बसले आणि हंबरडा फोडला. त्यांना धीर देता यायचा नाही, ती कला त्यांच्यात नव्हती. ते दोनदा आत गेले, दोनदा बाहेर आले, मग त्यांनी मांजर उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. "याला धर," म्हणाले, "मी जामिनाचं बघतो." फी मात्र त्यांनी आधीच सांगितली. फुकट वकिली म्हणजे उपकार, आणि उपकाराखाली दबलेला माणूस भांडत नाही, असं त्यांचं मत होतं.

जामिनावर हे घरी आले त्या दिवशीचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं.

"चुकलं म्हणालास?"

"हो जी."

"इशारा चुकीचा दिला होतास?"

"नाही जी. इशारा बराबर होता. दोर सडला होता, म्या मुंशीले सांगतलं बी होतं."

"मग चुकलं का म्हणालास?"

"मंग का म्हणू जी? त्याचा पाय गेला ना."

वकीलसाहेब खुर्चीतून उठले, खिडकीशी गेले, परत आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "अरे, तोंड देवानं जेवायला दिलंय! न बोललेलं कुणी लिहून घेत नाही. बोललेलं मरेपर्यंत पाठ सोडत नाही. तुरुंगात जाशील तू या एका शब्दापायी, कळतंय?" आणि तिथल्या तिथे त्यांनी हुकूम सोडला. केस संपेपर्यंत यांनी देवरावला भेटायचं नाही, त्याच्या मायला भेटायचं नाही, कुणाच्या हाती निरोप द्यायचा नाही. भेटलास की पुन्हा चुकलं म्हणशील, आणि पुन्हा कुणीतरी ऐकेल. तुझ्या तोंडाचा मला भरवसा नाही, असं ते यांना तोंडावर म्हणाले.

यांनी ते पाळलं. पण घरात बसवेना. काम सुटलेलं, दुसरा ठेकेदार उभं करीना. जेवताना अर्धी पोळी बाजूला काढून ठेवायचे, सवयीने, आणि मग लक्षात आलं की तीच पोळी हातात धरून बसायचे. तुरुंगाची भीती होतीच, पण त्याहून ते दुसरंच यांना खात होतं. माझा जीव तुटायचा.

मला जायची बंदी नव्हती, फक्त यांचं काही बोलायचं नाही, म्हणून मी कॅम्प-१ मध्ये जात असे. भात-भाजी न्यायची, देवरावच्या मायला हातभार लावायचा. देवराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. एके दिवशी तो भिंतीकडेच पाहत म्हणाला, "वैनी, त्याले सांग. पाय माह्या गेला, त्याची जबान काहून गेली?"

मी तिथून निघाले ती थेट वकीलसाहेबांच्या ओसरीवर. एवढी संतापले होते की चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"कोणत्या कलमाखाली?" मी ओरडले. "कोणत्या कलमाखाली तुमी यायले देवरावले भेटू देऊन नाही राहिले? तो तिकडे समजून राहिला का हे भेले म्हणून! दोस्ती तुटून राहिली ना जी! आन चुकलं म्हणाले तं का पाप केलं? तठी दवाखान्यात तं सारेच म्हणत होते. माय म्हणे, म्या म्हटलं, ते मायची शेजारीण बी म्हणे!"

वकीलसाहेबांचा चेहरा आधी फुलला होता. विद्यार्थिनी चांगली निघाली म्हणून असेल. मग एकदम ते पुढे झुकले. "थांब. कोण कोण म्हणालं?"

मला काही उमजेना. मी सांगितलं. मी म्हणाले होते की चुकलं माझंच, देवरावला आपल्या टोळीत घ्या म्हणून मीच यांच्या मागे लागले होते. आमच्याकडे असंच आहे. आपल्या माणसावर काही ओढवलं की जवळचा प्रत्येक जण ते आपल्या अंगावर घेतो. कुणाचं पोर विहिरीवर घसरलं तर पाच जण म्हणतात, माझंच ध्यान नव्हतं. न म्हणणाऱ्याला लोक दगड म्हणतात. यात वकिलाला सांगण्यासारखं काय असतं? ते नागपूरकडचे खरे, पण सारा जन्म पुस्तकांत आणि कोर्टात गेलेला. अशा वेळी त्यांना कुणी जवळ बोलावलंच नसावं.

"भेटायची बंदी कायम," ते म्हणाले. "पण तू जा, चहा कर. दोघांना."

दुसऱ्या दिवशी ते सायकल घेऊन कॅम्प-१ ला गेले. देवरावच्या मायने त्यांना आत घेतलं नाही. "लेकराचा पाय गेला माह्या, आन त्याच्याच बाजूनं बोलाले मले बोलावता?" वकीलसाहेब म्हणाले, बाजूने बोलू नको, जे झालं ते बोल. काय बोलायचं ते त्यांनी तिला सांगितलं नाही. ती येते म्हणाली नाही आणि येत नाही असंही म्हणाली नाही. कोर्टाने बोलावलं तरी ती काय सांगेल याचा नेम नव्हता, आणि तिच्यावाचून आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

खटल्यात क्रेनवाला साक्षीला आलाच नाही, आणि इशारा पाहिलेला दुसरा माणूस एकही निघाला नाही. देवराव म्हणाला, मी खाली बोल्ट आवळत होतो, मला दिसलं नाही. हे आरोपीच्या पिंजऱ्यात, तो साक्षीदाराच्या, आणि दोघांची नजर जमिनीला. मग मुंशी आला. पोपटासारखा बोलला. वकीलसाहेब उठले तेव्हा न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं, आता तासाची निश्चिंती म्हणून. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"दवाखान्यात तुम्ही त्या माऊलीशी काय बोललात?"

"मी? काही नाही. मी कशाला बोलू?"

वकीलसाहेब खाली बसले. भेंडीला यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो हा माणूस, मला वाटलं.

देवरावची माय आली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, कोर्टात पाऊल टाकण्याआधी उंबऱ्याला हात लावून नमस्कार. न्यायाधीश जुन्या सी.पी.तले, म्हणजे मध्य प्रांतातले होते, त्यांना मराठी कळायची.

"आरोपी दवाखान्यात आला तेव्हा काय झालं?"

"पाया पडला माह्या. म्हणे, माय, चुकलं माह्यं."

सरकारी वकील मान हलवून हसले. यांनी डोळे मिटून घेतले.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्या?" मायने पहिल्यांदा यांच्याकडे पाहिलं. "म्या म्हटलं, तुह्यं नाही रे बापा, माह्यं चुकलं. त्या दिवशी देवरावले बरं नव्हतं वाटत. घरीच रायतो म्हणे. म्याच त्याले कामावर धाडलं."

"आणखी कुणी काही म्हणालं?"

"याची बायको म्हणे, माह्यं चुकलं. शेजारीण होती, ते म्हणे माह्यंच चुकलं, सकाळी मांजर आडवं गेलेलं पाह्यलं आन बोलली नाही." कोर्टात हशा झाला. मायला तो आवडला नाही. ती वकीलसाहेबांवरच उखडली. "हासाचं का हाये यात? आपल्या माणसावर असं आलं तं चुकलं नाही म्हणाव तं का म्हणाव जी? जो नाही म्हणत, तो का आपला हाये?"

वकीलसाहेबांचं भाषण त्या दिवशी त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं असेल. ते म्हणाले, "साहेब, हा शब्द कबुली असेल तर या आईलाही आरोपी करा. याच्या बायकोला करा. त्या शेजारणीलाही करा. त्या व्हरांड्यात चुकलं न म्हणालेला माणूस एकच होता, आणि तो ठेकेदाराचा होता."

चांगला वकील खोट्याचं खरं करतो, असं लोक समजतात. मीही तसंच समजत होते. त्या दिवशी मी पाहिलं, आम्ही जे बोललो होतो तेच त्यांनी कोर्टाला नीट ऐकवलं. आमच्या तोंडचा शब्द दुसऱ्याने उचलून आमच्याच गळ्याला लावला होता, तो त्यांनी सोडवून आम्हाला परत दिला. याची किंमत मी कशात करू, मला आजही कळत नाही.

निकालाच्या तारखेला हे सुटले. मी तिथेच बाकावर बसून रडले. हे वकीलसाहेबांच्या पाया पडायला वाकले, तर ते मागे सरकले. "ते राहू दे," म्हणाले, आणि बाहेर बोट केलं.

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली देवराव बसला होता. शेजारी कुबडी, पलीकडे माय. निकाल ऐकायला आला होता, पण आत आला नव्हता.

"जा आता," वकीलसाहेब यांना म्हणाले. "आता तुझं बोलणं कुणाच्याही कामाचं नाही. काय बोलायचं ते बोल."

हे गेले. देवरावसमोर उभे राहिले. शेजारची कुबडी उचलून झाडाला नीट टेकवली, पुन्हा सरकवली. देवराव म्हणाला, "काहून रे? आता बी वकिलाले इचारूनच बोलतं काय?"

हे मटकन खाली बसले आणि देवरावच्या उरलेल्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. माय उठून बाजूला झाली. मी पुढे व्हायला निघाले, तर वकीलसाहेबांनी माझ्या वाटेत छत्री आडवी धरली.

"चल बाई, तिकडे जाऊ," ते म्हणाले. "इथे थांबलो तर आपण साक्षीदार होऊ."

आम्ही दोघं पाठ फिरवून फाटकापर्यंत चालत गेलो, आणि कितीतरी वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. वकीलसाहेबांना जाऊन आता फार वर्षं झाली. देवराव गेला, मग हेही गेले. त्या झाडाखाली दोघांचं काय बोलणं झालं, ते मी यांना कधी विचारलं नाही.